न झिजलेले टायर

टायर झिजला म्हणजे जुना, नाही झिजला म्हणजे नवा, असं आमच्याकडे सगळेच मानतात. मीही मानायचो. धुळ्याला आमच्या घराच्या पोर्चमध्ये माझी लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार उभी असते. हौसेने सेकंडहँड घेतली आणि लगेच बदली झाली जळगावला. तिथे भाड्याच्या खोलीपुढे स्कूटर लावायचीच मारामार, म्हणून गाडी राहिली आईकडे. आईने ती दुभत्या म्हशीसारखी सांभाळली. थंडी पडली की बोनेटवर गोधडी. गल्लीतल्या पोरांनी हात लावला की ही झाडू घेऊन मागे. आणि दर अमावस्येला चारही टायरांना शेंगदाण्याचं तेल, कारण माझे वडील बैलांच्या चामडी पट्ट्यांना असंच तेल चोळायचे आणि ते पट्टे कधी तडकले नाहीत. टायर असे चमकायचे की येणारा-जाणारा म्हणायचा, "बठ्ठं नवंकोरं शे," म्हणजे सगळं नवंच.

नवंकोरं कसलं डोंबल! गाडी फारशी बाहेर निघायचीच नाही, म्हणून टायरच्या खाचा शाबूत होत्या, एवढंच. रबर उभ्याउभ्याही म्हातारं होतं, कडक होत जातं. त्यात स्पोर्ट्स कारचे टायर मुळातच नखरेल. तापले तर रस्ता घट्ट धरणार, गार असले तर ओळखही दाखवणार नाहीत. जुनं रबर आणि कडाक्याची थंडी एकत्र आली की ब्रेक कितीही चांगला असो, काही उपयोग नाही. ब्रेक चाक आवळतो, गाडी थांबवायची असते टायरने. हे शहाणपण मला नंतर आलं. दुकानात टायरच्या कडेवर छापलेलं त्याच्या जन्माचं साल वाचलं आणि मी कपाळाला हात लावला. तेलाने रबराचं भलं होत नाही हेही तिथेच कळलं, पण खरा घात वर्षांनी केला होता. आईला मी इतकंच सांगितलं की नव्या टायरांना तेल चालत नाही. "नखरे मेल्यांचे," ती म्हणाली.

मागच्या हिवाळ्यात पारोळ्याच्या मावशीने भरत खायला बोलावलं. शेतात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायची, असा बेत होता. आईचा हट्ट, लवकर निघायचं. नाहीतर तिची बहीण सगळं एकटीच उरकते आणि वर्षभर ऐकवते. म्हणून उजाडताच निघालो. थंडी म्हणाल तर बोटं स्टिअरिंगवर बधिर होत होती. आईला त्या गाडीत बसवणं म्हणजे एक सोहळाच. आधी पाठ टेकायची, मग एकेक पाय आत घ्यायचा, आणि तिचा तर एक गुडघा वाकतच नाही. "ह्यात बसायचं की निजायचं रे?" तिने विचारलं.

आई माझ्याशी शाळेतली मराठी बोलते. अहिराणी काढते ती गावाकडच्या माणसाशी, किंवा माझ्यावर फारच चिडली तर. हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागलो तरी तिचं मराठीत "हळू रे, हळू" चालूच होतं. मी वैतागलो. "आई, आत्ता आपल्याला दूधवाला मागे टाकून गेला," म्हटलं. आणि ते अगदी खरं होतं.

पुढे कापसाने भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर चालला होता. तो एका बांधाशी अचानक थांबला. आमच्यात अंतर पुरेसं होतं. मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरलं, म्हणजे ब्रेक आपलं काम करत होता, पण गाडी आपली सरकतच राहिली, ओल्या फरशीवर साबणाची वडी सरकते तशी. आमची गाडी इतकी बुटकी की ट्रॉलीची मागची फळी बरोबर काचेच्या उंचीला येत होती. काचेमागे आई होती. गाडीचं काय व्हायचं ते होवो, ती फळी आईवर येता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. ब्रेक थोडा सोडला, तशी चाकं वळली आणि आम्ही डावीकडच्या हरभऱ्यात घुसलो. काळी माती, नुकतंच पाणी दिलेली. तिने चाकं धरली. रस्त्यावर जे जमलं नाही ते त्या मातीत जमलं. मी देवळात फारसा जात नाही, पण त्या शेताला मनातल्या मनात नमस्कार केला, अजूनही करतो.

आईचे डोळे मिटलेले, पदर तोंडाशी. "आई, लागलं का?" मी उतरून पलीकडे धावलो, दार उघडलं, खाली बसून तिचा गुडघा दोन्ही हातांनी चाचपायला लागलो. पाठीमागून ट्रॅक्टरवाला ओरडत येत होता, "बठ्ठा हरभरा दबाई गया. डोया फुटनात का रे तुन्हा?" शेत त्याचंच होतं. मी मागे वळूनही पाहिलं नाही.

आईने डोळे उघडले. माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे पाहत ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, मन्हा पोऱ्याले नको बोलू. मीच सांगं त्याले, गाडी पयाड म्हनीसन."

गाडी पळव, असं हिने सांगितलं म्हणे. तो माणूस जागच्या जागी थांबला. "या वयमा, अक्का?" त्याने विचारलं आणि त्याला हसूच फुटलं. मग त्याचा सगळा नूरच पालटला. ट्रॅक्टरला दोर बांधून त्याने आम्हाला बाहेर काढलं. बांधावरच्या शेकोटीपाशी आईला बसवलं, घरून आलेला चहा आधी तिच्या हातात दिला. मी नुकसानीचं बोलणं काढलं तर म्हणाला, जाऊ द्या, माणसं वाचली ना. दबलेला हरभरा उपटून त्याने आईच्या ओटीत टाकला. आता खाऊनच संपवा, म्हणाला. अशी माणसं भेटतात म्हणून आपलं निभतं, बाकी आपली लायकी ती काय.

ऊन चढल्यावर निघालो, बैलगाडीच्या चालीने. आई हरभरे सोलत होती. बराच वेळ गेल्यावर मी विचारलं, "निघाल्यापासून हळू, हळू तूच म्हणत होतीस ना? मग त्याला तसं का सांगितलंस?"

तिने एक घाटा फोडला, दाणे माझ्या तळहातावर ठेवले.

"त्याच्या हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी होती," ती म्हणाली. "तुझं लक्ष माझ्या गुडघ्याकडे होतं."