अंगणवाडीचा वजनकाटा

१२ एप्रिल, दुपारचे तीन. मी अंगणवाडीच्या पत्र्याच्या पेटीतून जुनी रजिस्टरं काढून झटकत होते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... हसनाबादेत एखाद्या बाईच्या अंगात आलं म्हटलं की तिला आधी रक्त तपासायला पाठवणारी मी. तरी झालं ते लिहिते.

त्याच्या आठ दिवस आधी बांधाच्या भांडणात शेजारच्या पोरानं माझ्या दिराला कुऱ्हाडीनं तोडलं. पहिला घाव खांद्यावर, दुसरा मानेवर, पडल्यावर आणखी पाच. सगळ्यात आधी मी पोचले. मानेवर पदर दाबून धरला. रक्त बोटांतून उसळत राहिलं – मग थांबलं.

आता सगळं त्या पोराच्या वयावर होतं. शाळेत गुरुजींनी वर्ष वाढवून, सगळ्यांची टाकतात तीच १ जून ही जन्मतारीख टाकलेली. त्या हिशोबानं अठरा पूर्ण. पण तो शेतातल्या कोपीत, गवताच्या झोपडीत जन्मला, दवाखान्यात नोंद नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याचं वजन मीच केलं होतं. माझ्या रजिस्टरप्रमाणे खुनाच्या दिवशी अठराला चार महिने कमी. अठराच्या आतल्याला फाशी नाही. रजिस्टर न्यायला पोलीस उद्या येणार होते.

दिराची बायको मंदा दारात येऊन उभी राहिली.

"ते पान फाडा, बाई."

"सरकारी कागद हाये, मंदा."

"कुऱ्हाड उचलाया मोठा, अन् फाशीला लेकरू? तुमच्या पदराला माझ्या माणसाचं रक्त लागल्तं. इसरल्या का?"

"न्हाई इसरले. फाडून राह्यले."

खरं सांगते, माझंही तेच मत होतं. मी पान मुठीत धरलं.

छताच्या आकड्याला बाळांचा वजनकाटा टांगलेला होता – वर गोल तबकडी, खाली कापडी झोळी. झोळी रिकामी होती. तरी काटा सरकला आणि दोन किलो तीनशेवर थांबला. पानावर माझ्याच अक्षरात तेच वजन होतं.

मी पान ओढलं. कडेला फाटलं. काटा पाच, बारा, पंचवीस... तबकडी संपली. झोळी ताणून दोरीसारखी झाली, गरगर फिरली आणि कुणी पाय झाडावेत तशी हिसके देऊ लागली. घशात अडकल्यासारखा आवाज येत होता. मंदानं कान दाबून घेतले. मी पान सोडलं, तसा अख्खा वजनकाटा आकड्यातून निसटून खाली आदळला आणि फुटला.

"कोण व्हतं त्यात?" मंदानं विचारलं.

"कोणी न्हाई. रिकामी हाये."

त्या पोराची दया मला तेव्हा आली नव्हती, आजही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर छताचा आकडा खिळ्यासारखा सरळ झालेला. शेजारी तसाच दुसरा होता. त्याला गव्हाचं पन्नास किलोचं पोतं टांगून पाहिलं. तो जरासुद्धा वाकला नाही. म्हणजे काल त्या झोळीत अख्ख्या माणसाचं वजन लटकलं होतं. मग पानाच्या फाटल्या कडेला चिकटपट्टी लावली आणि मंदाच्या डोळ्यांसमोर रजिस्टर पोलिसांच्या हातात दिलं.