जाळणाऱ्याचंच नाव

फुटकी कपबशीसुद्धा रियाकाकू उलटीपालटी करून बघितल्याशिवाय टाकायच्या नाहीत. टोकियोत, हिगाशी-कसाईतल्या आमच्या बिल्डिंगखाली कचरा वेगळा करताना माझी त्यांची ओळख झाली. मी कराडहून नवा नवा आलेलो. त्यांनी माझ्या पिशवीतून तुटका मग काढला आणि म्हणाल्या, "दोन हजार वर्षांनी कुणी खणलं ना, तर कळेल, इथे एक गबाळ्या राहायचा."

काकूंनी लग्नाआधी पुरातत्त्वात एम.ए. केलेलं. डोक्यात एकच गाव: आर्ताशात, आर्मेनियाच्या राजांची जुनी राजधानी. भाजी करपली की, "रोमन आले वाटतं!" मी त्यांची नक्कल करायचो. नसलेला पदर खोचून, कमरेवर हात ठेवून: "अरे बाळा, रोमनांनी अख्खं शहर जाळलं. मग त्याच रोमच्या नीरोने बांधायला पैसे दिले. राजाने नाव काय ठेवलं? नीरोनिया! जाळणाऱ्याचंच नाव, बोल!"

सगळ्यात जास्त काकूच हसायच्या.

यंदाच्या पाडव्याला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मी तेच केलं. "बोल!"ला टाळ्या पडल्या. काकू मात्र उठून उभ्या राहिल्या.

"मला आर्ताशातच्या उत्खननावर घेतलंय. पुढच्या महिन्यात जाते."

काका कसंनुसं हसले. "रिया, घरी बोलू."

"माझं नाव गोदावरी आहे."

माझा हात कमरेवर तसाच अडकलेला.

"लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने रिया लिहिलं. गोदावरी म्हणे म्हातारीचं नाव. मला कुणी विचारलं नाही. टाळ्या मात्र वाजल्या, अशाच."

आईशप्पथ! म्हणजे काकू इतके दिवस त्या गावाबद्दल बोलतच नव्हत्या!

निघायच्या दिवशी त्यांची बॅग घेऊन मी स्टेशनवर गेलो. काकाही आले. काकूंनी बॅग घेतली, गेटला कार्ड टेकवलं, आत गेल्या.

"रिया!" काका ओरडले. काकू चालतच राहिल्या. "अगं रिया!"

"गोदावरीकाकू!" मी हाक मारली.

गर्रकन वळल्या. "काय रे गबाळ्या?"

"ते... नीरोनिया नाव टिकलं का हो पुढे?"

"छे! नीरो गेला, लोक परत आर्ताशातच म्हणायला लागले." हात हलवला आणि जिना चढून गेल्या.

मी बाजूला बघितलं. जपानात नवा आलेला माणूस स्टेशनची पाटी वाचतो ना, अक्षराला अक्षर जोडत, तसे काका ओठातल्या ओठात म्हणत होते, "गो... दा... व... री."

त्यांची नक्कल मला अजून जमलेली नाही.