दोरीचं आतलं टोक

जगदाळे काकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच बाथरूममध्ये. फरशीवर बसलेले, दोन्ही पाय समोरच्या भिंतीला टेकवलेले आणि कमरेला दोरी. ती दोरी खिडकीतून बाहेर गेली होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला, सातव्या मजल्यावर, आमचा एसी बसवणारा रईस लटकला होता.

गाझियाबादच्या त्या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. दिल्लीच्या मंत्रालयातली फायलींची कटकट, मग मेट्रो, मग रिक्षा असं करत दमून घरी यावं तर हा देखावा. सासूबाई बाथरूमच्या दारात कौतुकानं उभ्या. "अगं, शेजारचे आहेत. मराठी आहेत!" जसं काही मराठी असलं की कुणाच्याही मोरीत जाऊन बसायची मुभा असते. मी म्हटलं, "अहो, पण हे काय चाललंय?" काकांनी मान वळवली नाही. खिडकीवरची नजर न काढता म्हणाले, "बोलू नगंस पोरी. माणूस बाहेर हाय."

मला रागच आला. पण त्यांचा आवाज असा होता की मी पर्स हातात घेऊन तिथंच उभी राहिले.

आमच्या टॉवरमध्ये बेडरूमना बाल्कनी नाही. दोन फ्लॅटच्या मधे वरपासून खालपर्यंत एक पोकळी सोडलेली आहे, तिला सगळे शाफ्ट म्हणतात. सांडपाण्याचे पाइप, कबुतरांची घाण आणि भिंतीवर टांगलेली एसीची बाहेरची युनिटं, एवढंच तिथं असतं. नवं युनिट बसवायचं म्हणजे फिटरनं बाथरूमच्या खिडकीतून बाहेर निघायचं. एक पाय पाइपावर, दुसरा खालच्या मजल्याच्या युनिटवर. तसंच उभं राहून भिंतीत बोल्ट ठोकायचे, लोखंडी ब्रॅकेटवर ते जड धूड चढवायचं आणि काळ्या फोममध्ये गुंडाळलेल्या तांब्याच्या नळ्या भोकातून आत सारायच्या. फिटर फार तर म्हणणार, "भैया, ज़रा पकड़ लेना." मग घरातलं कुणीतरी एका हातानं त्याचं मनगट धरणार आणि दुसऱ्या हातानं मोबाईल बघणार. इकडे असंच चालतं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

काकांना वाटायचं. ते साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. ऐन उमेदीची वर्षं बर्फातल्या चौक्यांवर गेली. शेवटची नेमणूक दिल्ली कॅन्टोन्मेंटला होती. मुलानं नोएडाच्या नोकरीत असताना इथं फ्लॅट घेतला, मग तो हैदराबादला बदलून गेला आणि म्हातारा-म्हातारी इथंच राहिली. सोसायटीत कुणाकडेही एसीचा खोका आला की काका आपली जुनी फौजी दोरी खांद्यावर टाकून हजर. बोलावलेलं नसायचंच. बेल वाजवून सरळ विचारायचे, "फिटर कौन है? पहले मेरे को मिलाओ."

त्यांचं हिंदी अस्सल फौजी, त्यावर साताऱ्याची फोडणी. सोसायटीतले बहुतेक एसी रईसच बसवायचा आणि त्यांची पोट धरून टिंगल करायचा. तो चाळिशीचा, मिशाळ, तोंडानं फटकळ गडी. "अंकल, बरसों से लटक रहा हूँ, आज तक नहीं गिरा." काका दोरीची गाठ आवळत म्हणायचे, "जो गिरा ना, वो भी यही बोलता था." रईस निमूटपणे हात वर करून कंबर पुढे करायचा.

मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, दोरी बांधा हो, बिल्कुल बांधा. पण स्वतःला कशाला? दाराला बांधा, नळाला बांधा. तो घसरला तर तुम्हीपण जाल ना!"

काका हसले. "दाराला काय वाटतं गं? दार बांधलं की बाहेरचा बिनघोर होतो, कसाबी पाय टाकतो. म्हातारा बांधलाय म्हटल्यावर त्याला माझी काळजी लागती. जपून राहतो. बर्फात आम्हाला कुटं व्हती दारं? माणसालाच माणूस बांधायचा."

"अहो, पण वजन कुठे तुमच्यात? तुम्हीच चाळीस किलोचे असाल!"

"म्हणून तर तो जास्ती जपतो," काका म्हणाले. या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. काम संपलं की फिटरच्या पाठीवर थाप मारायचे आणि त्या दोन नळ्यांवरून हात फिरवायचे. "एकीतनं गॅस जातो, दुसरीतनं माघारी येतो. भायेर गेलेलं माघारी आलं पायजे, मग यंत्र असू दे न्हाईतर माणूस."

हे सगळं गमतीचं वाटावं असंच होतं, एक दिवस पाचव्या मजल्यावर दुसऱ्याच एका फिटरचा पाय खरोखर सुटेपर्यंत. कबुतरं अंगावर उडाली आणि तो दचकला. दोरीला हिसका बसला तसे काका फरशीवरून फरपटत जाऊन खिडकीखालच्या भिंतीवर आदळले. पण दोरी सोडली नाही. फिटरनं पाइपाला मिठी मारली आणि वाचला. काकांच्या कपाळाला खोक पडली. काकू हळद दाबत होत्या आणि रडत रडत शिव्या देत होत्या, "चितेवर बी दोरी घिऊन जावा!" काका म्हणाले, "त्याला पाणी दे आधी."

त्या हिवाळ्यात काकांना हार्ट अॅटॅक आला. वाचले, पण डॉक्टरांनी सांगितलं की वजन उचलायचं नाही, ओढायचं नाही, जोर म्हणून करायचा नाही. घरी आणलं त्या दिवशी मी तिथंच होते. काकूंनी दोरी माळ्यावर फेकली, काकांचा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "पुन्हा दोरीला हात लावला तर माझं मेलेलं तोंड बघाल." काकांनी माळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं." मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

उन्हाळा आला. डॉक्टरांनी उन्हापासून जपायला सांगितलं होतं आणि काकांच्या घरात फक्त कूलर. मुलानं हैदराबादहून एसी पाठवला. खोका हॉलमध्ये येऊन पडला आणि तिथंच राहिला, कारण काका अडून बसले. "मी धरणार न्हाई, तर कुणी लटकणार न्हाई. माझ्या गारव्यासाठी कुणाचा जीव टांगायचा न्हाई." काकू म्हणायच्या, "दुसरं कुणी धरंल." काका म्हणायचे, "दुसरं कुणी धरत न्हाई, मोबाईल बघतं." मी माझ्या नवऱ्याला पुढे केलं. काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "जावईबापू, ऱ्हाऊ द्या." नवरा दोन दिवस फुगून बसला होता.

दुपारी मी त्यांना आमच्याकडे बसवायची. आमच्या एसीखाली बसायला त्यांची हरकत नसायची. "ह्याला मी धरलंय," म्हणायचे. पण संध्याकाळ झाली की उठायचे, परक्या घरी अंग टाकणं त्यांना पटत नसे. जूनमध्ये लू, म्हणजे भाजणारा गरम वारा, सुरू झाली, लाइट सारखी जायला लागली, कूलर नुसतं गरम पाणी फुंकू लागला. एक दिवस काका अंघोळीला गेले आणि चक्कर येऊन दारातच कोसळले.

काकू माझ्याकडे आल्या, पदर तोंडाला लावून. "शपथ घातली तवा वाटलं नवरा राखला. आता ह्यो माझ्या शपथेनंच मरतोय गं." दोरी धरली तर हृदयाला धोका, न धरली तर उन्हाळा जीव घेणार. डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडणं त्या पिढीला माहीत नाही आणि काकांचा हट्ट मोडणं कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "काकू, शपथ तुमची आहे. तुम्हीच सोडा." त्या घरी गेल्या आणि काकांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "शपथ सुटली."

दुसऱ्या दिवशी सकाळीच रईस आला. काका दाढी करून तयार, चेहऱ्यावर किती महिन्यांनी रंग आलेला. बाथरूमच्या फरशीवर बसले, पाय भिंतीला लावले. रईस खिडकीतून अर्धा बाहेर गेला होता. तेवढ्यात काकू आल्या, काकांच्या मागं बसल्या आणि दोरीचं उरलेलं टोक आपल्या कमरेला गुंडाळू लागल्या. काका ओरडले, "अगं ए, काय करतीस?" काकू म्हणाल्या, "गेलात तर दोघं जाऊ." मी काकूंच्या मागं बसून त्यांना घट्ट मिठी मारली.

रईसनं आत वळून पाहिलं. फरशीवर ओळीनं आम्ही तिघं. तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. हळूच आत उतरला आणि कमरेची गाठ सोडायला लागला. "नहीं अंकल. इतने लोगों को लेके मैं नहीं गिर सकता."

"गिरने का किसने बोला तेरे को?" काका चिडले.

"कल बेल्ट लाऊँगा, असली वाली. अंदर दीवार में हुक ठोकूँगा. आपको नहीं बाँधूँगा."

काका म्हणाले, "हुक को डर नहीं लगता, बेटा."

"मुझे लगता है ना," रईस म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग हात पुढे केला आणि रईसनं त्यांना उठवून उभं केलं. रात्र झाली. मी आमच्याकडे झोपायला चला म्हणून हात जोडले, तर म्हणाले, "एका रातीचा तर प्रश्न हाय, पोरी."

पहाटे लाइट गेली. काकूंना जाग आली तेव्हा काका कॉटवर बसलेले होते, पाठ भिंतीला टेकलेली, आणि गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलं होतं, उकाड्याचं निमित्त झालं. मला मात्र सगळ्यांचा संताप आला होता. काकांच्या हट्टाचा, काकूंच्या शपथेचा, रईसच्या त्या एका दिवसाचा, आणि माणसाला खिडकीबाहेर टांगल्याशिवाय थंड हवा मिळू नये अशी घरं बांधणाऱ्यांचा. अजूनही येतो.

सकाळी रईस आला. दारातल्या चपलांचा ढीग पाहून जागीच थबकला. खांद्यावर ड्रिल मशीन आणि अंगावर नवाकोरा बेल्ट, छातीवरून, मांड्यांवरून पट्टे आवळलेला. घरूनच घालून आला होता, काकांना दाखवायला.

काकूंनी त्याला पाहिलं. तोवर त्या रडल्या नव्हत्या. उठून सरळ त्याच्यापाशी गेल्या आणि त्याच्या छातीवर मूठ मारली. "अब पहना? अब पहना रे तू?" तो तसाच उभा. मग काकूंनी त्याच्या छातीवरचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि मोठ्यानं हंबरडा फोडला. खाली तयारी झाली होती, माणसं खोळंबली होती. मी आणि सासूबाई काकूंची बोटं सोडवायला गेलो, पण सुटेनात.

रईस आमच्याकडे बघून मान हलवत म्हणाला, "रहने दो, भाभी. पकड़े रहने दो."