आईच्या हुकूमनाम्याची नक्कल

आईनं लग्न करायचं ठरवलं तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती आणि मी छत्तीस.

मोडनिंबजवळच्या शाळेत ती पोषण आहार शिजवते. त्याच शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आता मोहोळला एकटे राहतात. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. निवृत्तीनंतरही काही ना काही निमित्त काढून ते शाळेत चक्कर टाकायचे. शेवटी निमित्तं संपली असावीत. आईनं मला फोन करून सांगितलं, "गुरुजी म्हणत्यात, नोंदणी करून रीतसर करू. तुला काय वाटतंय?"

मी सोलापुरात एका दवाखान्यात नर्स आहे. त्या वेळी ड्युटीवर होते. "चांगलं हाय की," म्हणाले आणि आत जाऊन थोडं रडले. वाईट वाटून नाही. इतकी वर्षं ती एकटी होती हे मला त्या फोनपर्यंत नीट समजलंच नव्हतं.

विवाह नोंदणीच्या कार्यालयात गुरुजींचे कागद लगेच झाले. आईकडे पाहून तिथले बाबू म्हणाले, "पहिल्या लग्नाच्या घटस्फोटाचा हुकूमनामा लागेल. कोर्टाच्या शिक्क्याची नक्कल." आईकडे ती होती एकेकाळी. पत्र्याच्या पेटीत ठेवलेली, वाळवीनं खाल्ली.

"कोर्टातनं दुसरी मिळते," मी म्हणाले. "मी आणते काढून."

"तू नको. मी बघते माझं मी."

तिला कोर्टाची लाज वाटत असेल असं मी धरून चालले. माझ्या वडिलांबद्दल आमच्या घरात एकच वाक्य होतं: त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. ते वाक्य मामाचं. आई ते कधी म्हणायची नाही, पण खोडूनही काढायची नाही.

पण तिला एकटीला जाऊ देणं मला पटेना. एका सोमवारी आम्ही दोघी सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी संगणकावर आईचं नाव घालून पाहिलं, मग माहेरचं घालून पाहिलं. "तुमची केस फार जुनी आहे. तेव्हा हे कोर्ट इथं नव्हतंच. दिवाणी कोर्टाच्या रेकॉर्ड रूमला विचारा. केस नंबर आहे का?"

नंबर नव्हता. वकील वारले होते. नवी पेठेतल्या त्यांच्या ऑफिसच्या जागी आता साड्यांचं दुकान आहे.

रेकॉर्ड रूम दुसऱ्या मजल्यावर होती. जिन्याच्या मधल्या वळणावर आई कठड्याला धरून थांबली, मग हळूहळू वर आली. तिथले कारकून पन्नाशीचे, चष्मा कपाळावर सरकवलेले. नंबर नाही म्हटल्यावर चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "साल कोणतं, मावशी?"

"साल न्हाय सांगता यायचं. हिला गोवर निघाला होता त्या वर्सी."

"गोवराचं रजिस्टर नाही हो आमच्याकडं," ते हसून म्हणाले. आईही हसली. मग त्यांनी मला विचारून हिशेब मांडला: मी बालवाडीत कधी, पहिलीत कधी. तीन वर्षांची रजिस्टरं उतरवली आणि एक माझ्यापुढं सरकवलं. "तुम्ही हे बघा, मी ते बघतो. आडनावावर बोट ठेवून खाली या."

तासाभरानं माझं बोट थांबलं. निळ्या शाईत आईचं नाव, पुढं अर्जदार. खाली वडिलांचं नाव, पुढं सामनेवाला. दोघांची नावं एकत्र लिहिलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, आणि तीही एकमेकांच्या विरुद्ध.

कारकुनांनी आईकडून नकलेचा अर्ज लिहून घेतला, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावायला सांगितला. फाइल गठ्ठ्यातून शोधायला आठ दिवस लागतील म्हणाले. "मग येऊन कोणत्या कागदांची नक्कल हवी तेवढ्यावर खूण करून द्यायची."

"फकस्त हुकूमनामा," आई लगेच म्हणाली. "दुसरं काय न्हाय पायजे."

आठ दिवसांनी ती पुन्हा मोडनिंबहून एसटीनं आली, पण त्या दिवशी तिला जिना चढवेना. खालच्या बाकावर बसून तिनं मला अधिकारपत्रावर सही करून दिली. पेन परत देताना माझा हात क्षणभर धरला. "बाकीचं वाचत बसू नगंस. जुनं हाय सगळं."

असं सांगितल्यावर कोण वाचणार नाही?

फाइल अपेक्षेपेक्षा बारीक होती. बरेच कागद मुदतीनंतर नष्ट करतात, असं कारकून म्हणाले. हुकूमनामा दोन पानांचा. त्यामागं रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद. सुरुवातीला नुसत्या पुढच्या तारखा. मग एका नोंदीत माझा उल्लेख आला, 'अल्पवयीन मुलगी' असा. सामनेवाल्यानं मुलीला भेटण्यासाठी अर्ज दिला होता. कोर्टानं तो मंजूर केला होता: महिन्यातून एका शनिवारी, कोर्टाच्या आवारात, सकाळी अकरा ते दोन.

मी ते दोनदा वाचलं.

पुढं सहा पुरसिशी लावल्या होत्या. पुरसीस म्हणजे पक्षकारानं स्वतः सही करून कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन. बाकी फाइल टाइप केलेली. या सहा मात्र हातानं लिहिलेल्या. अक्षर ठळक, उजवीकडं झुकलेलं. पहिल्या पाचांत जवळजवळ तेच शब्द: मी आज अकरा ते दोन थांबलो. अर्जदारांनी मुलीला आणले नाही. तरी नोंद व्हावी. सहावी वेगळी होती. मुलीला ओढाताणीचा त्रास होऊ नये म्हणून भेटीचा अर्ज पुढे चालवणे नाही. मुलगी अर्जदारांकडेच राहावी.

वडिलांचं अक्षर मी पहिल्यांदा पाहत होते. शाळेत बाई माझ्या वहीवर नेहमी शेरा मारायच्या, अक्षर सरळ काढ, उजवीकडं पडतंय.

मी हुकूमनाम्यावर खूण केली आणि जिन्यापर्यंत आले. परत फिरले. त्या सहा कागदांवरही खुणा केल्या.

"लग्नाच्या कामाला यांची गरज नाही," कारकून म्हणाले.

"माहितीये. तरी द्या."

त्यांनी कागद पाहिले, माझ्याकडं पाहिलं. "बसा थोडं," म्हणून त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली.

खाली आई बाकाच्या अगदी कडेला बसली होती. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "वाचलंस."

"ते यायचे?"

"व्हय."

"आणि मला नेलं का नाहीस?"

बाजूनं काळे कोट ये-जा करत होते. खाली बघत ती सांगू लागली. मला घेऊन बाळंतपणाहून ती परत गेली, तर सासरच्यांनी दारातूनच माघारी लावलं होतं. वडील तिथंच उभे होते, पण आपल्या आईपुढं त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. दोन वर्षं न्यायला आले नाहीत. मग केस झाली. समझोत्याच्या बैठकीत तिची सासू सगळ्यांसमोर म्हणाली होती, बाई ऱ्हाऊ दे, पोरगी आमची हाय, कवा ना कवा उचलून नेऊ.

"त्यो वाईट न्हवता," आई म्हणाली. "पर आईम्होरं त्याला तोंडच न्हवतं. मला वाटायचं, एकदा तुझा हात त्याच्या हातात दिला, का त्यो तुला आजीकडं नेऊन देनार. भेटीच्या दर शनिवारी तुला आंघोळ घालायची, नवा झगा घालायची. यष्टीपतूर यायची बी दोनदा. आन् माघारी फिरायची."

"नंतर तरी सांगायचं."

"नंतर कुटल्या तोंडानं सांगू? तू मोठी झालीस तसं ते बी मोठं झालं."

मी तिला स्टँडवर सोडलं. पुढचा आठवडाभर मी तिला फोन केला नाही. तिनंही केला नाही. मला राग आला होता. पण तो धरून बसू लागले की समोर पंचविशीतली एक बाई यायची, काखेत झगा घातलेली पोर, एसटीच्या पायरीशी उभी. आमच्या वॉर्डात तसल्या घाबरलेल्या आया मी रोज पाहते. त्यांना मी कधी रागावत नाही.

नक्कल आणायला मी एकटीच गेले. शिक्के घेतले, हुकूमनामा एका पाकिटात ठेवला, सहा पुरसिशी दुसऱ्या. रविवारी मोडनिंबला जाऊन पहिलं पाकीट आईच्या हातात दिलं. तिनं दुसऱ्याबद्दल विचारलं नाही. जेवण झाल्यावर भांडी विसळताना पाठमोरीच म्हणाली, "अक्कलकोटकडं ऱ्हातोय त्यो. आई वारली त्याची. फोन नंबर मिळालाय. तुला जायाचं असलं तर जा. मी काय म्हननार न्हाय."

आधी आईचं आणि गुरुजींचं लग्न झालं. साक्षीदार म्हणून मी सही केली. गुरुजींनी पांढरा सदरा घातला होता आणि रजिस्टरवर सही करताना ते पेनाचं टोपण काढायलाच विसरले. आई त्यांना हळूच म्हणाली, "दमानं." मी तिला मिठी मारली तेव्हा तिनं मला बराच वेळ सोडलं नाही.

त्यानंतर महिन्याभरानं मी तो नंबर लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. पलीकडं कुणीतरी कानडीत काहीतरी विचारत होतं, मग फोन वडिलांच्या हातात गेला. मी माझं नाव सांगितलं.

"कधी येतेस?" ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "जेवून येऊ नकोस."

मी गेले. त्यांची दुसरी बायको कमी बोलणारी, कानडी वळणाचं मराठी बोलणारी. तिनं मला शेंगापोळी वाढली आणि नको म्हणेपर्यंत तूप घातलं. वडील माझ्या समोर बसले होते, पण माझ्याकडं नीट बघत नव्हते. आईबद्दल विचारलं. लग्न झाल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "बरं झालं. मानूस चांगला हाय का?"

"हो. चांगले आहेत."

"मग बरं झालं."

शनिवारांबद्दल ते बोलले नाहीत. मीही काढलं नाही. निघताना स्टँडवर सोडायला आले आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

आता महिन्या-दोन महिन्यांनी आमचा फोन होतो. बीपीच्या गोळ्या घेतात का ते मी विचारते, पाऊसपाणी ते सांगतात. आईला मी हे सगळं सांगते; ती ऐकते आणि मध्ये एखादा प्रश्न विचारते, केस पिकले का, चष्मा लागलाय का. त्यांना हाक काय मारायची हे मात्र अजून ठरलेलं नाही. फोन लागला की मी नुसतं "मी बोलतेय" म्हणते. ते ओळखतात.