तंबोरा पुसताना काढलेला फोटो

विद्याताईंनी माझ्या डोळ्यांसमोर तंबोरा पुसला.

लंडनमध्ये स्टॅनमोरजवळच्या एका शाळेचा हॉल. रविवारची दुपार. मराठी मंडळाची कॉन्सर्ट तासाभरात सुरू होणार होती. साउंड चेक चालला होता. मी फोटोग्राफर. मंडळानंच बोलावलेली. स्टेजवर अँगल बघत फिरत होते, तेवढ्यात कुणाचा तरी पाय केबलमध्ये अडकला आणि खुर्चीला टेकवलेला तंबोरा घसरला. मी कॅमेरा गळ्यात सोडून दिला आणि दोन्ही हातांनी तो धरला. भोपळा जमिनीपासून वीतभर वर. फुटलाच असता.

मंडळाचे अध्यक्ष धावत आले. श्रीकांतकाका. रिटायर्ड डॉक्टर, पंचाहत्तरीचे, सिल्कचा कुर्ता. मला वाटलं, शाबासकी द्यायला येताहेत.

"तुम्हाला हात कोणी लावायला सांगितला?"

"काका, पडत होता."

"मग कुणाला तरी हाक मारायची."

तंबोरा माझ्या हातातून काढून घेतला. माझ्या बोटांना बोट लागणार नाही अशा बेतानं. मग सेक्रेटरी विद्याताई आल्या. स्टेजच्या कोपऱ्यात सरस्वतीची तसबीर होती, समई होती, तांब्याचा कलश होता. त्यांनी किचन रोलचे दोन कागद फाडले, कलशात बुडवले, पिळले. माझे हात जिथे लागले होते नेमकं तिथे पुसायला लागल्या. आधी भोपळा. मग दांडी. लाकडाला पाणी लावू नये एवढं त्यांना कळत होतं. पंचवीस वर्षं गाणं शिकलेल्या बाई. तरी पुसलं.

मी कॅमेरा उचलला. आपण काय करतोय ते कळायच्या आत तीनदा शटर दाबलं. त्यांना वाटलं असेल, तयारीचे फोटो काढतेय.

पुसून झाल्यावर माझ्याकडे बघून हसल्या.

"काही मनात आणू नका हं. वाद्याचं एक पावित्र्य असतं."

अर्ध्या तासापूर्वी याच बाई माझ्याशी गोड गप्पा मारत होत्या. नागपूरच्या ना तुम्ही? कुठे, धरमपेठ? मी म्हटलं, इंदोरा. इंदोरा म्हटल्यावर नागपूर माहीत असलेल्या माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही. तरी त्यांनी आडनाव विचारलं. सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या. मग पुन्हा, "अच्छा अच्छा." गप्पा तिथंच संपल्या.

ड्रम्सवर केतकी नावाची मुलगी होती. तिशीची, इल्फर्डची, इथंच जन्मलेली. ती काड्या हातात धरून हे सगळं बघत होती. तिला खरंच कळलं नव्हतं.

"विद्याआंटी, हे का पुसते तुम्ही? तिनी पकडली ना तंबोरा. थँक यू म्हणायचा ना?"

"केतकी, यू वोन्ट अंडरस्टँड," काका म्हणाले. "लेट्स नॉट मेक अ सीन." आणि माझ्याकडे न बघता, "तुम्ही आता स्टेजवर येऊ नका. खालूनच घ्या फोटो."

खालूनच.

मी खाली उतरले. बॅग भरायला घेतली. लेन्स काढली, टोपण लावलं. बॅगेची चेन ओढून बंद केली. रागानं, आणि लाजेनं. लाज मला का वाटावी? पण वाटत होती. ती आधी वाटते. राग मागून येतो.

माझे बाबा नागपुरात बँडपार्टीत होते. क्लॅरनेट वाजवायचे. खांद्यावर उसवलेला लाल कोट, सोनेरी दोरी. लग्नसराईत मी हट्ट करून त्यांच्यासोबत जायचे. मी आठ वर्षांची असतानाची एक वरात आठवते. नवरदेव घोड्यावर, बाबा अगदी समोर, डोळे मिटून वाजवत होते. लोक बेभान नाचत होते. फोटोग्राफर आला. त्यानं डोळ्याला कॅमेरा लावला, मग काढला आणि ओरडला, "ए बँडवाले, बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय."

बाबा बाजूला झाले. वाजवत वाजवतच झाले. सूर तुटू दिला नाही.

तहान लागली तेव्हा मांडवाबाहेर उकिडवे बसले. एका बाईनं वरून पाणी ओतलं, त्यांनी ओंजळीनं प्यायलं. क्लॅरनेट काखेत दाबलेलं. पाणी कोटावर सांडत होतं. मी बघतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी तोंड फिरवलं.

बाबा वारले तेव्हा मी हार घालायला फोटो शोधला. रेशनकार्डावरचा मिळाला. हजारेक लग्नं वाजवलेल्या माणसाचा वाजवतानाचा एकही फोटो नाही. कुणाच्या अल्बमच्या कडेला अर्धा लाल खांदा असेल तर असेल.

म्हणून मी कॅमेरा घेतला. हाउन्सलोला आल्यावर, एअरपोर्टच्या कार्गो ऑफिसात नोकरी लागल्यावर, पहिल्यांदा घेतला तो कॅमेराच. आठवडाभर ऑफिस, शनिवार-रविवार कॉन्सर्ट. फक्त वाजवणाऱ्यांचे फोटो.

मी लेन्स परत लावली.

वाजवणाऱ्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. त्यांच्यासाठी थांबले. आणि दुसऱ्या एका कारणासाठी थांबले. ते तेव्हा नीट कळलं नव्हतं.

कार्यक्रम जबरदस्त झाला. खोटं बोलणार नाही. पुण्याहून आलेली गायिका, सोबत तबला, व्हायोलिन, गिटार, केतकीचे ड्रम्स. तिसऱ्या गाण्याला लोक खुर्च्यांवरून उठले. मी गुडघ्यांवर सरकत होते, स्टेजच्या कडेला छाती टेकवून. तबलजीच्या कपाळावरून घाम उडाला, तो थेंब हवेत पकडला. केतकीच्या काड्या नुसता धूर झालेल्या, चेहरा मात्र स्वच्छ. व्हायोलिनवाल्यानं गायिकेची तान हुबेहूब उचलली, तेव्हा ती वळून हसली, तो क्षण पकडला. इतके चांगले फोटो मी आजवर काढले नव्हते. रागानं माझा हात स्थिर केला होता.

शेवटच्या गाण्याला श्रीकांतकाकाही नाचले. हात वर करून, लहान मुलासारखे. त्यांचाही काढला. सुंदर आला. तो डिलीट केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकमध्ये नागपूरला आईला फोन केला. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"तिथंबी?"

"हो. इथंबी."

"जाऊ दे वं बाई. तुया बाबानं कधी तोंड उघडलं काय?"

"नाही उघडलं. म्हणूनच."

आई रडायला लागली. मी नाही रडले.

ठरल्याप्रमाणे फोटोंची लिंक मंडळाच्या सगळ्या सभासदांना मीच थेट ईमेलनं पाठवायची होती. आठवड्यानं पाठवली. सगळे फोटो नीट लावलेले. पहिला मात्र तो. विद्याताईंचा हात, ओला कागद, तंबोऱ्याचा भोपळा. शेजारी अध्यक्ष. मागे आ वासलेली केतकी. खाली मी लिहिलं: "तंबोरा पडत होता. मी धरला. मी बौद्ध आहे, नागपूरच्या इंदोऱ्याची. आडनाव सांगितलं होतं. म्हणून सेक्रेटरी तो पुसताहेत." खाली माझं पूर्ण नाव.

सेंड दाबलं आणि भात लावला. मस्त भूक लागली होती.

तासाभरात फोन सुरू झाले. कुणी म्हणालं, गैरसमज असेल. कुणी म्हणालं, इथं कसली आलीय जात, तुम्ही लोक जुनं उकरून काढता. एका भल्या माणसानं सल्ला दिला, फोटो काढून टाका, बाकीचे इतके छान आलेत. मी प्रत्येकाला एकच विचारलं, "मग त्या काय पुसत होत्या?"

केतकीनं सगळ्यांना उत्तर लिहिलं. "मी तिथे होती. हे खरा आहे." एवढंच. पुढच्या कार्यक्रमातून तिला काढलं. मलाही दोन ठिकाणांहून नकार आला. आधी बोलावून मग नकार. पावित्र्यासारखीच ही गोष्टही ते हसत हसत करतात.

पंधरा दिवसांनी श्रीकांतकाकांचा फोन. "घरी या. चहा घेऊ, बसून बोलू."

"तुम्ही या," मी म्हटलं. "हाउन्सलोला. माझ्या घरी."

आले. काका आणि विद्याताई. दुकानावरचा माझा एका खोलीचा फ्लॅट, जिना अरुंद, काकांना धाप लागली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. दोघांनीही एकदा बघितला आणि नजर गालिच्यावर नेली. मी चहा केला. माझ्या रोजच्या कपांत.

विद्याताईंनी कप हातात धरला. "मला जरा ॲसिडिटी आहे."

"हरकत नाही. मग उगीच कशाला आलात?"

काकांनी विद्याताईंकडे बघितलं. मग आपला कप उचलला आणि औषध घ्यावं तसा रिकामा केला. जीभ भाजली असणार. विद्याताईंनीही एक घोट घेतला. डोळे मिटून.

मी समोर बसून बघत होते. गोड वाटत होतं मला. कशाला लपवू?

"आता तो फोटो काढा," काका म्हणाले. "प्लीज. चाळीस वर्षं या समाजासाठी झटलोय मी."

"कुठल्या समाजासाठी?"

काकांनी रिकामा कप खाली ठेवला. मग विद्याताई रडायला लागल्या. त्यांची नात युनिव्हर्सिटीत आहे. तिनं फोटो बघितला आणि विचारलं, आजी, तू हे का केलंस? तेव्हापासून ती घरी येत नाही. फोन उचलत नाही.

"तुम्हीही बाई आहात," त्या म्हणाल्या. "समजून घ्या."

मला वाईट वाटायला हवं होतं असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मला बरं वाटलं. मी आठ वर्षांची असताना माझ्या बापाला माझ्यासमोर तोंड फिरवावं लागलं होतं. आता दुसऱ्या कुणाला तरी फिरवावं लागलं.

"स्टेजवर उभं राहून माइकवर सांगा," मी म्हटलं. "काय केलं आणि का केलं. 'भावना दुखावल्या असल्यास' असलं काही चालणार नाही. जे केलं ते, जसं केलं तसं."

"ते शक्य नाही," काका उठले. "तुम्ही सूड घेताय."

"हो."

एवढंच बोलले. त्यांना वाटलं होतं मी नाही म्हणेन.

फोटो तिथंच आहे. शिवाय त्याची मोठी प्रिंट काढून घेतलीय. इथल्या लायब्ररीनं स्थानिक फोटोग्राफर्सचे फोटो मागवले होते, त्यात दिलीय. लागली आहे, खाली तोच मजकूर इंग्रजीत. लोक उभे राहून वाचतात.

पुढच्या महिन्यात मंडळाचा कार्यक्रम आहे. फोटोग्राफर दुसरा बोलावलाय. प्रेक्षकांना कॅमेरा आणायला बंदी केलीय, असं कळलं. ठीक. पण तिकीट कुणालाही मिळतं, आणि मी काढलंय. पहिल्या रांगेतलं, मधोमध. काकांना प्रास्ताविक करायचंय, विद्याताईंना आभार मानायचेत. दोघांना माझ्यासमोर उभं राहून बोलावं लागेल. मी टाळ्या वाजवेन त्या फक्त वाजवणाऱ्यांसाठी. बाकी सगळा वेळ मी त्या दोघांकडे बघत बसणार आहे. त्याच्या पुढच्या कार्यक्रमालाही. त्याच्याही पुढच्या. माइकवर ते शब्द येईपर्यंत मी त्या खुर्चीतून उठणार नाही.