केंद्र तीनशे किलोमीटरवर

"मॅडम, निघू की नको, एका शब्दात सांगा," कॅप्टन फोनवर म्हणाले. ते ब्राझीलच्या एका बंदरात, मी नवा रायपुरात. आमची प्रायव्हेट कंपनी जहाजांना हवामान सांगते. समुद्र आमच्यापासून कुठच्या कुठे, पण काम त्याचंच! कॅप्टन कोकणातले. जहाज लहान, माणसं बावीस.

किनाऱ्याजवळ चक्रीवादळ होतं. केंद्र त्यांच्या वाटेपासून तीनशे किलोमीटर. मी बिनधास्त बुलेटिन लिहिलं: निघा.

आमच्याकडे एक रीत आहे. बुलेटिन धाडायच्या आधी दुसऱ्यानं कॅप्टन बनून ते मोठ्यानं वाचायचं अन् शंका काढायच्या. मले याचा भारी वैताग. त्या दुपारी वाचायला बसल्या आमच्या सीनियर, साहू दीदी.

"सबसे तेज हवा कहाँ है?"

"केंद्र के पास, दीदी. और कहाँ रहेगी?"

"देखी हो, कि ऐसेच बोल रही हो?"

पाहिलं कुठं होतं! जन्मभर बंगालच्या उपसागरातली वादळं पाहिलेली. ती गरम समुद्रावर पोसतात, सगळा जोर डोळ्याभोवती. मी तेच धरून चालली. उपग्रहाचा वाऱ्याचा नकाशा उघडला अन् चूक दिसली. हे उपोष्ण वादळ होतं. त्याले थोडी ताकद समुद्राची ऊब देते, थोडी उंचावरची थंड हवा. म्हणून ते पसरट असतं. जत्रेतल्या चक्रीवाणी मधे निवांत, कडेला जोर. अन् ती कड नेमकी कॅप्टनच्या वाटेवर येऊन राहिली होती.

फोन लावला. "सर, निघू नका."

"अहो, इथे समुद्र ताटासारखा पडलाय! मालकाला काय सांगू?"

"सांगा, रायपूरची बाई अडून बसली."

बॉस चिडले. "क्लायंट गया तो?"

"और जहाज गया तो?" दीदी म्हणाल्या.

कॅप्टन कुरकुरत थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला: "रात्री बाहेर वाऱ्याने थैमान घातलं. बंदरातसुद्धा जहाजाचे दोर तुटले. केंद्र अजून दूरच. मॅडम, बावीस घरांचे आभार घ्या."

माझे डोळे भरून आले. फोन दीदींपुढे धरला. "ये आपका है, दीदी. मैं तो भेज ही रही थी."

"हव, तो चाय पिला," दीदी म्हणाल्या.

आता दुसऱ्याचं बुलेटिन वाचताना मी पहिले तेच विचारते, वारा कुठं जास्त आहे, पाहिलं का? नव्या पोट्ट्या वैतागतात. वैतागू द्या. मी पण वैतागलीच होती.