मोहरी पेरलेला तट

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही इकडे परदेशात, एडिसनला राहायचो. इथेच जन्मलेली माझी मुलगी सहावीत होती आणि शाळेसाठी तिला मेसोपोटेमियातल्या प्राचीन शहराची तटबंदी करून न्यायची होती. "आई, प्लीज, सगळ्यांसारखी कर," एवढीच तिची अट. मागच्या प्रोजेक्टला वर्ग तिला हसला होता, म्हणून पोर धास्तावली होती.

तटबंदी म्हटल्यावर मला दिवाळीतला किल्लाच कळतो. परसातली माती कालवली, बुरूज थापले, दोन बुरुजांच्या आड दरवाजा वळवून लपवला आणि वर गादी केली.

"हू सिट्स हिअर?"

"महाराज. दुसरं कोण?"

"आई! मेसोपोटेमियात महाराज नव्हते!"

गादी काढली. पण तिचं पुस्तक चाळून माझं डोकंच चालेना. डोंगर नाही, नुसतं सपाट मैदान. तटाच्या आत राजा, कुंभार, पाववाले, गाढवंसुद्धा. मग हल्ला झाल्यावर बाहेरच्या शेतकऱ्यांनी जायचं कुठे? "इट्स नॉट ऑन द टेस्ट," ती म्हणाली. झालं, विषय संपला.

या गोंधळात हातांनी सवयीचं काम उरकलं. किल्ला झाला की मोहरी पेरायची, तशी पेरली. प्रदर्शनाच्या दिवशी मेसोपोटेमियाचा तो तट हिरवागार! लेक रडकुंडीला आली, पण दुसरा करायला वेळ कुठे होता?

वर्गात पोरं फिदीफिदी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मात्र दरवाजावर बोट ठेवलं. हा असा आडवा का? मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सांगितलं, शत्रूला समोरून दिसू नये, आणि सापडलाच तर वळताना वरून मारा करता यावा.

"मग तिथल्या लोकांना तो कसा सापडायचा?"

हे मला कधी सुचलंच नव्हतं. "आत जन्मलेल्यांना ठाऊक असतं," मी म्हणाले.

"आणि बाहेरून राहायला आलेल्यांना?"

इतकी वर्षं या देशात काढून मलाच ते ठाऊक नव्हतं.

"समबडी फ्रॉम इनसाइड गोज अँड गेट्स देम," लेक तटावरची नजर न काढता वैतागून म्हणाली.

बाईंनी मान डोलावली आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. लेक अजून माझ्यावर चिडलेलीच होती का? मला काही उमगेना. माझ्या कोटाची बाही मात्र तिने घट्ट धरली होती.